तप्त लोखंड आणि पिएर क्यूरी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विषय मराठी आणि इतिहास. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तेव्हा वार्षिकांकासाठी मी एका पदार्थवैज्ञानिकाचे चरित्र लिहिते आहे हे ऐकून वर्गमैत्रिणींना हसू आले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. परंतु या माणसाची आणि माझी ओळख पुस्तकातून झालेली नाही. ती आमच्या घराच्या पडवीत, भट्टीसमोर झाली. म्हणून आधी ती हकिकत सांगते आणि मग चरित्राकडे वळते.

माझे वडील लोहारकाम करतात. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली. या महाविद्यालयात प्रवेश घेतल्यापासून कोणी विचारले की मी शेती असे सांगत आले. आमच्याकडे शेती नाही. पडवीत भट्टी आहे, ऐरण आहे, पूर्वी चामड्याचा भाता होता त्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आहे. लहानपणी तो पंखा फिरवणे हे माझे काम. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारी यांना धार लावून घ्यायला माणसे येत. जमिनीवर सांडलेले खिळे आणि कीस गोळा करायला वडिलांनी एका मोडक्या लाउडस्पीकरमधला चुंबक काठीला तारेने बांधून ठेवला होता. एकदा खेळता खेळता मी तो चुंबक भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लालबुंद सळईजवळ नेला. सळई चुंबकाला दाद देईना. थोड्या वेळाने ती काळवंडली, आणि मग मात्र चुंबक तिच्याकडे ओढला गेला. मी आबांना विचारले. तापलेल्या लोखंडाला चुंबक धरत नाही, एवढेच त्यांनी सांगितले आणि ते पुन्हा कामाला लागले. त्यांना ते त्यांच्या वडिलांकडून ठाऊक होते.

पुढे सातवीत असताना चुंबकाचा धडा आला. चुंबक लोखंडाला आकर्षित करतो असे गुरुजींनी सांगताच मी हात वर करून, लाल झालेल्या लोखंडाला करत नाही, असे म्हणाले. गुरुजींनी मला खाली बसवले. पुस्तकात आहे तेवढेच बोलावे अशी समज दिली. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या बापाच्या धंद्यावरून काही बोलले आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी भट्टीवरचे काही शाळेत बोलले नाही. हळूहळू भट्टीबद्दलच बोलेनाशी झाले.

गेल्या दिवाळीत आमच्या आळीतला एक दादा सुटीला आला होता. तो विद्यापीठात फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थांवर पीएच.डी. करतो. तो आबांकडे घरची कुऱ्हाड घेऊन आला, आणि बोलता बोलता मी त्याला सातवीतला तो प्रसंग सांगितला. तो हसला नाही. तू म्हणालीस ते बरोबर होते, असे त्याने सांगितले. लोखंड ज्या उष्णतामानाला चुंबकत्व सोडते त्याला एका माणसाच्या नावाने ओळखतात, आणि त्या माणसाने याच विषयावर पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवली, असेही तो म्हणाला. तो माणूस म्हणजे पिएर क्यूरी. मला मादाम क्यूरी माहीत होत्या. त्यांच्या पतीचे नाव मी रेडियमच्या धड्यात त्यांच्या नावाशेजारी वाचले होते, त्यापलीकडे काही नाही.

पिएर क्यूरी यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस येथे झाला. वडील युजेन क्यूरी डॉक्टर होते. ते गरिबांचे डॉक्टर होते आणि मताचे पक्के होते. १८७१ साली पॅरिसमध्ये कम्यूनचा उठाव झाला, रस्त्यारस्त्यात लढाई सुरू झाली, तेव्हा त्यांनी आपले घर जखमींसाठी उघडले आणि त्यांच्यावर उपचार केले. त्या वेळी पिएर बारा वर्षांचा होता.

हा मुलगा शाळेत कधीच गेला नाही. तो मंद आहे असे पाहणाऱ्याला वाटे. एका विषयात मन गुंतले की त्यातून त्याला बाहेर काढता येत नसे, आणि तासातासाला विषय बदलणाऱ्या शाळेत असा मुलगा कोमेजून जाईल हे आईवडिलांनी ओळखले. आई, वडील आणि थोरला भाऊ झाक यांनी त्याला घरी शिकवले. चौदाव्या वर्षी गणिताचे एक चांगले शिक्षक लाभले आणि मग त्याची बुद्धी झपाट्याने फुलली. सोळाव्या वर्षी तो प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला, अठराव्या वर्षी पदवीधर झाला. येथपर्यंतची कथा एखाद्या हुशार मुलाची वाटते. पण पुढे डॉक्टरेट करायला घरी पैसा नव्हता. १८७८ साली पिएर सोरबॉन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरीला लागला, आणि डॉक्टरेट राहून गेली. ती पुढे सतरा वर्षे राहिली.

नोकरी सांभाळून दोघे भाऊ स्फटिकांवर प्रयोग करीत. १८८० साली त्यांना असे आढळले की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो. पुढच्या वर्षी त्यांनी उलट बाजूही सिद्ध केली: वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. आज क्वार्ट्झच्या घड्याळात जो स्फटिक थरथरतो त्याच्या मुळाशी हाच शोध आहे. त्या वेळी पिएर एकवीस-बावीस वर्षांचे होते. पुढे झाक यांना माँपेलिए येथे जावे लागले आणि ही जोडी फुटली.

१८८२ साली पॅरिस नगरपालिकेने औद्योगिक पदार्थविज्ञान व रसायन यांची एक नवी शाळा काढली. तेथे पिएर क्यूरी यांची नेमणूक झाली आणि तेथेच त्यांची बावीस वर्षे गेली. ही मोठ्या नावाची संस्था नव्हती. कारखान्यांसाठी तंत्रज्ञ तयार करणे हे तिचे काम. पगार एखाद्या कुशल कामगाराइतका होता. मुलांना शिकवण्यात दिवस जाई, आणि स्वतःच्या संशोधनासाठी त्यांना खोलीसुद्धा नव्हती. जिना आणि प्रयोगसाहित्याची खोली यांच्यामधल्या बोळात त्यांनी आपली उपकरणे मांडली होती. ज्या कामामुळे त्यांचे नाव कायमचे राहिले ते काम त्या बोळात झाले.

येथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली विचाराची. १८९४ साली त्यांनी सममितीसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय माझ्यासारखीलाही समजतो. कारणांमध्ये जो सारखेपणा असेल तो परिणामांमध्ये उतरतो. आणि परिणामात कुठे एका बाजूला झुकते माप दिसले, तर त्याचे मूळ कारणात कुठेतरी असलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट लोखंडाची. तापलेले लोखंड चुंबकाला दाद देत नाही ही गोष्ट क्यूरींनी शोधली असे नाही. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे, आणि लोहारांना ती त्याच्याही आधीपासून ठाऊक असणार. क्यूरींनी केले ते असे की त्यांनी ती मोजली. विद्युतचुंबकाच्या ध्रुवांजवळ पदार्थाचा लहानसा नमुना ठेवायचा, तो भट्टीत तापवायचा, आणि त्याच्यावर पडणारी ओढ एका तारेला किती पीळ बसतो त्यावरून मोजायची. ही ओढ बहुतेक पदार्थांत इतकी सूक्ष्म असते की शेजारून कुणी चालत गेले तरी मोजणी बिघडावी. आणि हे सगळे एका जिन्याजवळच्या बोळात! प्राणवायू, पाणी, मीठ, गंधक, बिस्मथ, लोखंड, निकेल, मॅग्नेटाइट असे कितीतरी पदार्थ त्यांनी घेतले आणि काहींना हजार अंशांच्याही पुढे तापवले.

या मोजणीतून पदार्थांचे तीन गट स्पष्ट झाले. काही पदार्थ चुंबकापासून किंचित दूर लोटले जातात आणि उष्णतेचा त्यांच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. काही पदार्थ किंचित ओढले जातात, आणि त्यांची ही ओढ निरपेक्ष तापमान जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने कमी होते. हा क्यूरींचा नियम. तिसरा गट लोखंडासारख्या जोरदार चुंबकीय पदार्थांचा. तापमान वाढत गेले की त्यांचे चुंबकत्व आधी हळूहळू आणि मग झपाट्याने ओसरते, आणि एका मर्यादेपलीकडे ते दुसऱ्या गटात जाऊन बसतात. या मर्यादेला आज क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडासाठी ते सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे, मॅग्नेटाइटसाठी सुमारे ५८० अंश. आमच्या भट्टीत सळई लाल होते तेव्हा ती ही मर्यादा ओलांडत असते.

मार्च १८९५ मध्ये क्यूरींनी हे काम प्रबंध म्हणून सादर केले आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले. तोपर्यंत ब्रिटनचे लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखे ज्येष्ठ वैज्ञानिक त्यांच्या कामाची तारीफ करू लागले होते. पॅरिसमध्ये मात्र ते एका औद्योगिक शाळेचे अबोल शिक्षक होते.

याच काळात त्यांच्या आयुष्यात मारी स्क्लोडोव्स्का आल्या, आणि त्याही लोखंडाच्या निमित्ताने. पोलंडहून शिकायला आलेल्या या मुलीला निरनिराळ्या पोलादांच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे काम मिळाले होते आणि उपकरणे मांडायला जागा मिळत नव्हती. १८९४ साली एका परिचिताने त्यांची क्यूरींशी गाठ घालून दिली. ज्याला स्वतःला बोळात काम करावे लागत होते त्याच्याकडे जागा मागायला पाठवले, ही गंमतच. पण त्यातून स्नेह जमला आणि २६ जुलै १८९५ रोजी त्यांचा साधेपणाने विवाह झाला. नंतर दोघे सायकलींवरून फिरायला गेले.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मारींनी किरणोत्सर्गाचा विषय घेतला. त्यांच्या मोजणीसाठी पिएर आणि झाक यांनी क्वार्ट्झच्या शोधातून तयार केलेले उपकरण उपयोगी पडले. विषयाचे महत्त्व लक्षात येताच पिएरनी आपले स्फटिकांचे काम बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या कामात सामील झाले. १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध जाहीर झाला. गळक्या छपराच्या एका शेडमध्ये ते राबत होते. रेडियम वेगळे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९०३ साली हेन्री बेकेरेल यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मानसन्मानांच्या बाबतीत पिएर क्यूरी वेगळ्याच मातीचे होते. जागा मिळवण्यासाठी लोकांच्या भेटी घ्याव्यात, शिफारशी गोळा कराव्यात, हे त्यांना जमत नसे. १८९८ साली सोरबॉनमधील प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही. १९०२ साली विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत ते पडले. तिथे ते १९०५ साली निवडून आले. सरकारने मानचिन्ह देऊ केले तेव्हा, आपल्याला पदकाची गरज नाही, प्रयोगशाळेची आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी कळवले. १९०४ साली अखेर सोरबॉनमध्ये प्राध्यापकपद मिळाले, पण मनासारखी प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही.

ती मिळवायला आयुष्यही उरले नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. रू दोफीन नावाचा रस्ता ओलांडताना पिएर क्यूरी घसरून पडले आणि सामानाने भरलेल्या एका अवजड घोडागाडीचे चाक त्यांच्या डोक्यावरून गेले. त्यांचे तेथेच निधन झाले. ते ४६ वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारी क्यूरी त्यांच्या जागी शिकवायला उभ्या राहिल्या, आणि पिएरनी जेथे विषय सोडला होता तेथून त्यांनी तो पुढे सुरू केला. सोरबॉनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

चरित्र येथे संपवता आले असते. पण क्यूरींनी मोजलेल्या पदार्थांच्या यादीत मॅग्नेटाइटही आहे, आणि आळीतल्या दादाचे काम तेथूनच सुरू होते.

मॅग्नेटाइट म्हणजे लोहचुंबकाचा काळा दगड, लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. आबा तापलेल्या लोखंडावर घण मारतात तेव्हा जे काळे पापुद्रे उडतात त्यांतही ते असते. त्याची अंतर्गत रचना स्पिनेल नावाच्या एका खनिजासारखी आहे, म्हणून अशा सर्व संयुगांना स्पिनेल म्हणतात. दादाचे फेराइटही त्यातलेच. या रचनेत लोखंडाच्या अणूंना राहायला दोन प्रकारच्या खोल्या असतात. एकीत भोवती प्राणवायूचे चार अणू, दुसरीत सहा. १९०७ साली पिएर व्हाइस यांनी क्यूरींच्या निष्कर्षांना सिद्धांताचा आधार दिला, आणि १९४८ साली लुई नेएल यांनी दाखवले की या दोन खोल्यांतील अणूंची चुंबकत्वे एकमेकांविरुद्ध दिशांना तोंड करून असतात. विरोध पूर्ण फिटत नाही, आणि जे शिल्लक उरते तेच त्या दगडाचे चुंबकत्व.

हे खोलीच्या आत डोकावून कसे पाहायचे? १९५८ साली रुडॉल्फ म्योसबावर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने एक वाट दाखवली. निसर्गातल्या लोखंडात शंभरात सुमारे दोन अणू लोह-५७ या जातीचे असतात. त्यांचा गाभा एका ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण शोषतो. किरणांचा उगम सेकंदाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने पुढेमागे हलवला, तर त्या ऊर्जेत अतिसूक्ष्म फरक करता येतो आणि गाभा नेमका कोठे शोषण करतो ते आलेखावर उमटते. एकट्या, निवांत गाभ्याची एक रेघ असते. अणूच्या स्वतःच्या चुंबकत्वाने तिच्या सहा रेघा होतात. भोवतालचा विद्युतभार सर्व बाजूंनी सारखा नसेल तर एकीच्या दोन होतात. मॅग्नेटाइटच्या आलेखात नेहमीच्या तापमानाला सहा-सहा रेघांचे दोन संच दिसतात. त्यांवरून चार शेजाऱ्यांच्या खोलीत गाभ्याशी सुमारे ४९ टेस्ला आणि सहांच्या खोलीत सुमारे ४६ टेस्ला इतके चुंबकीय क्षेत्र असल्याचे कळते. पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते लाखो पट आहे. आणि दगड तापवत नेला की क्यूरी तापमानाला या सहा रेघा मिटतात.

दादाने मला जस्त आणि लोखंड यांच्या स्पिनेलचाही आलेख दाखवला. नेहमीच्या तापमानाला त्यात चुंबकाच्या सहा रेघा नाहीत, जवळजवळ असलेल्या दोन आहेत. त्यात लोखंड सहा शेजाऱ्यांच्या खोलीत राहते, आणि त्या खोलीचा भोवताल एका दिशेने किंचित ताणलेला असतो. चार शेजाऱ्यांची खोली सर्व दिशांनी सारखी असते, तेथे या कारणाने रेघ फुटत नाही. परिणामात झुकते माप दिसले तर कारणात ते असलेच पाहिजे, हा बोळातल्या शिक्षकाने १८९४ साली मांडलेला नियम त्या दोन रेघांत मला दिसला. सगळे गणित मला समजले असा माझा दावा नाही. एवढे समजले.

दिवाळीनंतर कॉलेजला परतण्याआधी मी आबांना पिएर क्यूरींची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते. त्या माणसाने किती अंशांवर ते मोजले, एवढेच त्यांनी विचारले. मी ७७० सांगितले. मग त्यांनी एक सळई भट्टीत घातली, मला पंखा फिरवायला सांगितले, आणि काठीचा चुंबक हातात घेऊन सळईचा रंग बदलताना ते बराच वेळ पाहत राहिले. चुंबक कोणत्या रंगाला सुटतो आणि कोणत्या रंगाला पुन्हा धरतो हे त्यांनी दोनदा करून पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी नीट पाहिले नव्हते, असे ते नंतर म्हणाले.

माझे वडील आणि पिएर क्यूरी सारखे आहेत असे मला म्हणायचे नाही. ठाऊक असणे आणि मोजून जाणणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर क्यूरींनी वर्षानुवर्षे बोळात उभे राहून ओलांडले. पण त्या अंतराची सुरुवात भट्टीपाशीच होते, हे मला सातवीत कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. शाळेत कधी न गेलेल्या एका माणसाने ते मला उशिरा का होईना सांगितले. म्हणून या अंकात त्याचे चरित्र लिहिले, आणि त्याच निमित्ताने माझ्या वडिलांचा धंदाही लिहिला.